पेशी गेल्या, निरोप राहिला

२०२४ चा डिसेंबर संपत आला असताना बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात माणसांचे केस गळू लागले. बोंडगाव, कालवड, हिंगणा ही खारपाणपट्ट्यातली गावं. पहिल्या दिवशी डोक्याला खाज, दुसऱ्या दिवशी केस मुठीत, तिसऱ्या दिवशी टक्कल. लेकरं, बाया, म्हातारी माणसं, कोणीच सुटलं नाही. पहिला संशय अर्थातच पाण्यावर गेला, कारण या पट्ट्यात पाण्याने माणसांना पिढ्यानपिढ्या छळलं आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची पथकं आली, रक्ताचे, पाण्याचे, अन्नाचे नमुने गेले. विंचूदंशावरच्या कामासाठी जगभर ओळखले जाणारे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी स्वतः तपास करून रेशनच्या गव्हातल्या जादा सेलेनियमकडे बोट दाखवलं.

त्या दिवसांत सगळ्यांचं लक्ष केसांवर होतं, आणि ते साहजिकच होतं. पण डोक्यावरचा वाढता केस आपलं मूळ कशात रोवून उभा असतो? कातडीच्या वरच्या थरांतून तो खाली उतरतो आणि त्याचं मूळ थेट चरबीच्या थरात पोचतं. आणि ही चरबी तिथे नुसती पडून नसते.

२०११ साली येल विद्यापीठात व्हॅलरी हॉर्स्ली यांच्या गटाने उंदरांच्या कातडीत एक गोष्ट दाखवून दिली. केसाचं मूळ झोपी जातं, पुन्हा जागं होतं, असं चक्र आयुष्यभर चालतं. त्याला जागं करण्यात मुळाभोवतीच्या कोवळ्या, अजून पूर्ण न भरलेल्या मेदपेशींचा हात असतो. अशा पेशी तयारच होत नसलेल्या उंदरांत केसांचं मूळ झोपूनच राहिलं. मग २०१७ मध्ये अमेरिकेतल्याच दुसऱ्या एका गटाने उलट दिशेची गोष्ट शोधली. मोठी जखम भरून आली की तिथे व्रण राहतो, आणि व्रणात ना केस असतात ना चरबी. पण उंदराच्या मोठ्या जखमेच्या मधोमध कधीकधी केसांची नवी मुळं उगवतात. तशी ती उगवली की काही दिवसांनी त्यांच्याभोवती नव्या मेदपेशी दिसू लागतात. या पेशी येतात कुठून? ज्या पेशी व्रण विणत होत्या, त्याच आपलं काम टाकून मेदपेशी बनतात! केसाचं मूळ त्यांना प्रथिनाच्या रूपात एक संदेश देतं आणि त्या बदलतात. माणसाच्या वाढलेल्या, जाड व्रणातून काढलेल्या पेशींवरही काचेच्या बशीत हा संदेश चालला.

म्हणजे चरबी केसाला उठवते आणि केस चरबी घडवतो. शेगावच्या गळतीचं कारण चरबी होतं असं मी म्हणत नाही. पण ज्या ऊतीकडे आपण नुसता साठा म्हणून, बऱ्याचदा नुसता शत्रू म्हणून पाहतो, ती शेजाऱ्यांशी सतत बोलत असते, आणि तिच्याशी बोललं तर ती नव्याने उगवते. सध्या पेशीशास्त्रात मला याहून थक्क करणारं काही दिसत नाही.

चरबी हा एक अवयव आहे, हे मान्य व्हायलाच १९९४ साल उजाडावं लागलं. त्या वर्षी न्यूयॉर्कमध्ये जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेने लेप्टिन शोधलं. हे मेदपेशींनी रक्तात सोडलेलं संप्रेरक थेट मेंदूला सांगतं की साठा पुरेसा आहे, आता भूक आवर. २००८ मध्ये स्टॉकहोमच्या कर्स्टी स्पाल्डिंग यांनी मेदपेशींचं वय मोजलं, तेही अणुबॉम्बच्या मदतीने. १९५५ ते १९६३ च्या काळात उघड्यावर झालेल्या अणुचाचण्यांनी हवेत किरणोत्सारी कार्बन वाढवला. तो पिकांत गेला, पिकांतून माणसांत गेला, आणि त्या त्या वर्षी जन्मलेल्या पेशींच्या डीएनएत कायमचा नोंदला गेला. त्यावरून कळलं की दरवर्षी आपल्या सुमारे १० टक्के मेदपेशी मरतात आणि तेवढ्याच नव्या जन्मतात. माणूस लठ्ठ असो की सडपातळ, वजन वाढो की घटो, मोठेपणी त्यांची संख्या जवळपास तीच राहते. आपल्या अंगावरची चरबी मुकाट्याने, न थांबता, पुन्हा पुन्हा उगवतच असते.

चरबी कुठे असते, यालाही तिच्या प्रमाणाइतकंच महत्त्व आहे. ही गोष्ट ठळकपणे पुढे आणण्यात महाराष्ट्राचा मोठा वाटा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या बाळंतपणांचा पाठपुरावा केला. तिथलं बाळ जन्मतः सरासरी २.७ किलोचं, इंग्लंडमधलं ३.५ किलोचं. आपलं बाळ स्नायूंनी हडकुळं, पण पाठीवरची चरबी मात्र जवळपास त्या इंग्लिश बाळाइतकीच. २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये याज्ञिक आणि त्यांचे इंग्लिश सहकारी जॉन यडकिन यांचा शेजारी शेजारी उभ्याने काढलेला फोटो छापून आला. उंचीच्या मानाने वजन दोघांचंही तंतोतंत सारखं, निर्देशांक २२.३. शरीरातली चरबी मात्र याज्ञिकांची २१.२ टक्के आणि यडकिन यांची ९.१ टक्के. वरून सडपातळ दिसणाऱ्या आपल्या माणसाला मधुमेह का गाठतो, याचं एक मोठं उत्तर त्या फोटोत होतं. कातडीखालची जागा अपुरी पडली की चरबी पोटात, यकृतात शिरते आणि तिथे घात करते. म्हणून योग्य जागी निरोगी चरबी उगवणं हा केवळ सौंदर्याचा विषय नाही.

आणि चरबी हवी असलेली माणसंही कमी नाहीत. स्टोव्हच्या भडक्यात भाजलेल्या बाईच्या गळ्याची कातडी खालच्या भागांना चिकटून बसते, कारण मधला मऊ थर जळून गेलेला असतो. कर्करोगामुळे स्तन काढावा लागलेली बाई असते. एचआयव्हीवरचं स्टॅव्ह्युडिन हे जुनं औषध घेतलेली माणसं असतात. या औषधाने त्यांचा जीव वाचवला, पण गालांची चरबी खाऊन टाकली. चेहरा इतका ओळखू येण्यासारखा खपाटीला जाई की कोणाला काही न सांगताही गावाला आजार कळे. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ते औषध हळूहळू बंद करायला सांगितलं. पण बसलेले गाल आपोआप भरून येत नाहीत.

यावरचा जुना इलाज म्हणजे एका जागची चरबी काढून दुसरीकडे भरणं. १८९३ मध्ये जर्मन शल्यचिकित्सक गुस्ताव्ह नॉयबर याने दंडातली चरबी घेऊन चेहऱ्यावरचा खड्डा भरला, आणि लहान तुकडेच टिकतात, मोठे टिकत नाहीत, हेही नोंदवून ठेवलं. आज पोटातली चरबी नळीने ओढून घेतात आणि बारीक सुईने भरतात. अडचण मात्र नॉयबरच्या वेळचीच आहे. भरलेल्या चरबीतला किती भाग शरीर शोषून घेईल याचा नेम नाही. कधी थोडा, कधी निम्म्याहून जास्त.

टोकियोत कोतारो योशिमुरा यांच्या गटाने २०१२ मध्ये उंदरांत भरलेल्या चरबीचं पुढे काय होतं ते दिवसागणिक पाहिलं. मेदपेशी पहिल्याच दिवसापासून मरू लागतात. रक्तवाहिन्या तुटलेल्या असतात, आतपर्यंत प्राणवायू पोचत नाही. टिकतात त्या फक्त कडेच्या, तुकड्याच्या बाहेरच्या काठापासून सुमारे ०.३ मिलिमीटरच्या आतल्या. पण त्याच चरबीत दडलेल्या मूलपेशी जास्त चिवट असतात. प्राणवायूशिवाय त्या तीन दिवसांपर्यंत तग धरतात. तिसऱ्या दिवसापासून पेशींची वाढ सुरू होते, सातव्या दिवसापासून जिवंत भाग पुन्हा पसरू लागतो. म्हणजे कलम जगलं असं डॉक्टर म्हणतात, तेव्हा तिथली बरीचशी चरबी मुळात नवी जन्मलेली असते. मेलेल्यांच्या जागी नव्या आलेल्या असतात, आणि मेलेल्या पेशीही जाता जाता या नव्यांना बोलावून जातात.

चरबीत मूलपेशी असतात हे २००१ मध्ये लॉस एंजेलिसच्या पॅट्रिशिया झुक आणि सहकाऱ्यांनी दाखवलं होतं. त्यानंतर जगभर लाटच आली. चरबीतल्या आणि अस्थिमज्जेतल्या मूलपेशी काढायच्या, वाढवायच्या आणि जिथे इजा आहे तिथे सोडायच्या. विचार सरळ होता. विरजणाचा चमचाभर जीव दुधात सोडला की तो वाढतो आणि सगळं दूध दही होतं, तसंच या पेशी वाढतील आणि ऊती बनतील. पण पुढे पाहिलं तर सोडलेल्यातल्या बहुतेक पेशी काही दिवसांतच नाहीशा झालेल्या. तरीही इजा भरून येत होती. विरजण मेलं होतं आणि दही लागत होतं!

मग काम केलं कोणी? पेशी ज्या द्रवात वाढतात तोच द्रव, पेशी गाळून टाकून, दिला तरी गुण येत होता. २०१० मध्ये सिंगापूरच्या साय किआंग लिम आणि त्यांच्या डच सहकाऱ्यांनी हा द्रव कणांच्या आकारानुसार वेगळा केला आणि हृदयविकाराचा झटका दिलेल्या उंदरांना एकेक भाग देऊन पाहिला. साध्या प्रथिनाच्या मानाने फारच मोठे, पण पेशीच्या मानाने नगण्य असे कण ज्या भागात होते, तोच गुणकारी ठरला. ते कण म्हणजे पुटिका होत्या. पेशीने आपल्याच पटलात गुंडाळून बाहेर सोडलेले इवलेसे थेंब, ज्यांतल्या एका प्रकाराला एक्झोसोम म्हणतात.

यांचा आकार साधारण ३० ते १५० नॅनोमीटर. माणसाच्या एका केसाच्या जाडीत अशा शेकडो पुटिका एका रांगेत बसतात. साध्या सूक्ष्मदर्शकाला त्या दिसत नाहीत. आपल्या रक्ताच्या एका मिलिलिटरमध्ये त्या अब्जावधींनी फिरत असतात, आणि तरी विज्ञानाने त्यांना कित्येक वर्षं कचऱ्यात काढलं होतं. १९६७ मध्ये पीटर वुल्फ यांना त्या रक्तबिंबिकांची धूळ वाटल्या. १९८३ मध्ये कॅनडातल्या रोज जॉन्स्टन यांना आणि अमेरिकेतल्या फिलिप स्टाल यांना, दोघांना स्वतंत्रपणे दिसलं की तांबडी रक्तपेशी प्रौढ होताना नको झालेली प्रथिनं पुटिकांत भरून बाहेर टाकते. ही पेशीची साफसफाई आहे, असं बहुतेकांनी मानलं आणि विषय बाजूला पडला.

२००७ मध्ये स्वीडनमधल्या गोथेनबर्गमध्ये हादी वलादी आणि यान लोटवाल यांनी उंदराच्या पेशींनी सोडलेल्या पुटिका घेतल्या. त्यांत आरएनए सापडला, म्हणजे प्रथिन घडवण्याची लिहिलेली सूचना. या पुटिका त्यांनी माणसाच्या पेशींना दिल्या. माणसाच्या पेशींनी त्या आत घेतल्या आणि उंदराची प्रथिनं बनवायला सुरुवात केली! मला ही ओळ पुन्हा पुन्हा वाचावीशी वाटते. एका प्राण्याच्या पेशीने लिहिलेलं दुसऱ्या प्राण्याच्या पेशीने वाचलं आणि पाळलं. कचरा म्हणून ज्याच्याकडे पाठ फिरवली होती, ते पेशींचं आपसातलं लेखन निघालं.

आता चरबीकडे परत येऊ. चीनमधल्या चेंगदू शहरात वेईदोंग तियान यांच्या गटाने २०१७ मध्ये मूलपेशींऐवजी थेट चरबीच्या ऊतीतूनच पुटिका काढल्या. मूलपेशींना या पुटिका दिल्या तर त्या मेदपेशी होण्याकडे वळल्या. रक्तवाहिन्यांच्या अस्तराच्या पेशींना दिल्या तर त्या वाढू लागल्या, सरकू लागल्या, नव्या वाहिन्यांसारखी रचना करू लागल्या. ही दुसरी गोष्ट पहिलीइतकीच महत्त्वाची, कारण रक्त पोचलं नाही तर नवी चरबीही टोकियोच्या उंदरांतल्यासारखी मरणार. प्राण्यांच्या शरीरात बाहेरची एकही पेशी न घालता, केवळ पुटिकांच्या इशाऱ्यावर, शरीराने आपल्याच मूलपेशी बोलावून चरबी उभी केली. त्याच गटाने मग उंदरांच्या चरबीतल्या पुटिकांमध्ये नेमकं काय लिहिलं आहे ते शोधलं. त्यात एक अगदी छोटा आरएनए सापडला, नाव ४५०ए. मूलपेशीत एक प्रथिन असतं जे तिला मेदपेशी होण्यापासून अडवून धरतं. हा छोटा आरएनए स्वतः प्रथिन घडवत नाही, उलट ते अडवणारं प्रथिन बनू देत नाही. पुटिका मूलपेशीवर कसली जबरदस्ती करत नाही, तिच्या वाटेतला अडथळा तेवढा दूर करते. पुढचा रस्ता पेशीला ठाऊकच असतो.

या विषयात आपल्याकडचं काम कोणतं, असं कोणी विचारलं तर मी पुण्याचं नाव घेईन. तिथल्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात डॉ. वैजयंती काळे आणि डॉ. ललिता लिमये यांनी अस्थिमज्जेवर बरीच वर्षं काम केलं. मज्जेत रक्त घडवणाऱ्या मूलपेशींच्या शेजारी आधारपेशी असतात. हाड आणि चरबी बनवणाऱ्या याच त्या, म्हणजे चरबीतल्या मूलपेशींच्या सख्ख्या नातेवाईक. वय वाढतं तशा रक्ताच्या मूलपेशी थकतात, आणि म्हणून मज्जेचा दाता तरुण असलेला बरा असतो. २०१८ मध्ये रोहन कुलकर्णी, काळे आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेलं संशोधन असं: म्हाताऱ्या उंदरांच्या रक्तमूलपेशींना तरुण आधारपेशींच्या पुटिका मिळाल्या की त्या पुन्हा तरुणासारखं काम करू लागतात. पेशीने आपला जुना, खराब माल आतल्या आत मोडून वापरायचा असतो. त्या कामाच्या सूचना तरुण पुटिकांत असतात. शेजारी म्हातारे झाले की त्या सूचना पुटिकांत भरल्या जात नाहीत. म्हणजे म्हातारपणाचा काही भाग पेशीच्या आत नसून तिला शेजाऱ्याकडून काय ऐकू येतं यात आहे. माझ्या मते मराठी मुलखात झालेल्या पेशीविज्ञानातलं हे फार सुंदर काम आहे, आणि शाळेच्या पुस्तकांत त्याला जागा मिळायला हवी.

चरबीचे निरोप किती दूर जातात याची एक गोष्ट टेक्सासमधल्या डॅलसची. फिलिप शेरर यांच्या प्रयोगशाळेत २०२१ मध्ये दिसलं की लठ्ठ उंदरांच्या दमलेल्या मेदपेशी आपली बिघडलेली तंतुकणिका, म्हणजे पेशीत ऊर्जा बनवणारा भाग, पुटिकांत भरून रक्तात सोडतात. त्या हृदयापर्यंत पोचतात. तिथे त्या थोडा त्रास देतात, आणि त्या त्रासाने हृदय सावध होतं. नंतर रक्तपुरवठा तुटल्याची वेळ आली तेव्हा अशा उंदरांच्या हृदयाची हानी कमी झाली. संकटातली चरबी हृदयाला आगाऊ बजावून ठेवते!

ही बोलण्याची रीत आली कुठून, हे पाहायचं तर बुलढाणा जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला जावं लागतं. लोणारचं सरोवर जून २०२० मध्ये गुलाबी झालं होतं. उल्कापाताने बेसॉल्टमध्ये पडलेला तो सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा खड्डा, त्यातलं खारट आणि अतिशय क्षारी पाणी. त्या उन्हाळ्यात पाणी आटलं, खारटपणा वाढला, आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासून सांगितलं की हा रंग मीठप्रिय हॅलोआर्कियांचा आहे. आर्किया म्हणजे जीवसृष्टीची एक अतिप्राचीन शाखा. जिवाणूंपासून वेगळी, आणि आपल्या पेशींच्या पूर्वजांशी जवळचं नातं सांगणारी. याच मीठप्रिय कुळातल्या, जगातल्या इतर खाऱ्या पाण्यांतल्या आर्कियांवर जर्मनीतल्या ब्रेमेनच्या शास्त्रज्ञांनी काम केलं आहे. हे एकपेशीय जीवही आरएनए भरलेल्या पुटिका सोडतात, आणि २०२४ मध्ये कळलं की त्या तयार करायला ते एक छोटं प्रथिन वापरतात. त्याच प्रथिनांच्या मोठ्या घराण्यातली प्रथिनं आपल्या पेशींतही पुटिका हलवण्याचं काम करतात. जिवाणू, आर्किया, झाडं, माणसं, पुटिका सगळेच सोडतात. डोळे, कान, मेंदू यायच्या कितीतरी आधीपासून सजीव एकमेकांना हे थेंब देत घेत आले आहेत.

म्हणूनच मला चीड येते ती बाजारात याचं जे चाललंय त्याची. 'एक्झोसोम' हा शब्द आता केसांच्या आणि चेहऱ्याच्या जाहिरातींत सर्रास दिसतो. केस गेलेला, घाबरलेला माणूस त्याला सहज भुलतो. डिसेंबर २०१९ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जाहीर इशारा दिला होता. तिथल्या नेब्रास्का राज्यात अशी इंजेक्शनं घेतलेल्यांना गंभीर त्रास झाला होता, आणि मान्यताप्राप्त एक्झोसोम औषध तेव्हा एकही नव्हतं. आपल्याकडेही २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी, रक्ताच्या काही आजारांतलं मज्जारोपण सोडलं तर, मूलपेशींचे बाकी सगळे उपचार प्रयोगाधीनच मानले होते. पुटिका तर त्याही पुढच्या. कोणत्या पेशीच्या, किती वयाच्या दात्याच्या, कशा वाढवलेल्या, यावर प्रत्येक बाटलीतला मजकूर बदलतो, हे पुण्याच्या प्रयोगातूनच स्पष्ट आहे. म्हाताऱ्या पेशीच्या पुटिका तरुण पेशीचं काम करत नाहीत.

आणि एक प्रश्न याहूनही अवघड आहे. फ्रान्समधल्या तुलूझ इथल्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं की मेदपेशींच्या पुटिकांत चरबी जाळायला लागणारी प्रथिनं असतात. कातडीच्या काळ्या कर्करोगाच्या पेशी त्या घेतात आणि जास्त जोमाने पसरतात. दाता लठ्ठ असेल तर हा परिणाम आणखी वाढतो. कोवळ्या ऊतीला जगवणारा निरोप गाठीलाही जगवू शकतो. ज्या बाईला चरबीची सर्वांत जास्त गरज आहे, जिचा स्तन कर्करोगाने नेला, तिच्याच छातीत हा प्रयोग सर्वांत शेवटी व्हायला हवा. आधी भाजलेला गळा, आधी स्टॅव्ह्युडिनने बसलेला गाल. तोवर प्रयोगशाळांना पुटिकांच्या या गर्दीतून चरबी उगवणाऱ्या एका बाजूला आणि गाठ पोसणाऱ्या दुसऱ्या बाजूला, अशा वेगळ्या काढायला शिकायचं आहे.